सत्तेचाळीस डिग्रीतलं 'कूल'

राजेहो, एक सोपा प्रयोग करा. उद्या सकाळी ऑफिसात कार्ड पंच केल्यापासून संध्याकाळी गाडीला किक मारेपर्यंत 'कूल' हा शब्द किती वेळा कानावर पडतो, ते मोजा. तीनची मीटिंग चारला ढकलली? कूल. नवा हेअरकट? कूल. बॉसने शनिवारी बोलावलं? इट्स कूल, नो इश्यूज. कँटीनमधला समोसा गार पडलाय? तोही कूल, फक्त वेगळ्या अर्थाने.

आणि बाहेर काय? बाहेर नागपूरचा मे महिना. मे 2013 मध्ये आपल्याकडे पारा 47.9 अंशांवर जाऊन आला होता. 2024 च्या मे महिन्याच्या शेवटी तर एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले. सेन्सरमध्ये बिघाड होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण तोवर तो आकडा देशभर फिरून आला होता आणि एकाही नागपूरकराला त्यात अशक्य असं काही वाटलं नव्हतं. 'हौ ना, असू शकते!' एवढंच.

अशा गावात पोट्ट्या-पोट्ट्यांचा सगळ्यात लाडका कौतुकाचा शब्द 'थंड' या अर्थाचा असावा, यात नवल ते काय! नवल आहे ते वेगळंच. तोच शब्द मराठीत म्हणून बघा. घरी लग्नाचा विषय निघालाय आणि मावशी स्थळ सांगतेय. 'मुलगा एकदम कूल आहे बाई' म्हटलं तर पुढच्या रविवारी कांदेपोहे फिक्स. 'मुलगा एकदम थंड आहे बाई' म्हटलं तर? फोन ठेवला जाईल. शब्दकोशात दोघांचा अर्थ एकच. मग एक कौतुक आणि दुसरी शिवी कशी? या आठवड्यात त्याचाच थोडा शोध.

शब्दाची जन्मपत्रिका

'कूल' हा काही एमटीव्हीने आणलेला शब्द नाही. इंग्रजीत तो हजारेक वर्षं जुना आहे. आधी फक्त हवेबद्दल, पाण्याबद्दल, मग डोक्याबद्दल. 'कूल हेड' म्हणजे आपल्याकडचं 'डोकं थंड ठेवणं'. अठराव्या शतकात इंग्रज लोक पैशांच्या आकड्यालाही कूल लावायला लागले, 'अ कूल थाउजंड'. म्हणजे हजार पौंड, तेही असे सहज सांगितलेले, की जणू खिशात चिल्लर पडलीय.

कौतुकाचा शब्द म्हणून मात्र तो आला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून. झोरा नील हर्स्टन या लेखिकेच्या 1933 च्या एका कथेत तो जवळपास आजच्या अर्थाने सापडतो. तो लोकप्रिय करण्याचं श्रेय बरेच जण जॅझमधला सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला देतात. त्याआधीचं जॅझ 'हॉट' होतं. लुई आर्मस्ट्राँगच्या 1925 च्या बँडचं नावच 'हॉट फाइव्ह'. लेस्टर यंगचं वाजवणं उलट, हलकं, सैल, घाई नसलेलं. पुढे माइल्स डेव्हिसने 1949-50 मध्ये केलेली रेकॉर्डिंग्ज 1957 साली एका अल्बममध्ये आली आणि अल्बमचं नाव ठेवलं गेलं 'बर्थ ऑफ द कूल'. बारसं झालं!

पण लक्षात घ्या, हे 'कूल' कुठे जन्मलं? जिथे वादक स्टेजवर टाळ्या घ्यायचा आणि त्याच हॉटेलच्या पुढच्या दाराने आत यायची त्याला मुभा नसायची. रस्त्यात पोलिसाने अडवलं तर आवाज चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. अशा वेळी चेहऱ्यावरची रेषही न हलवणं ही स्टाइल नव्हती, ते चिलखत होतं. रिचर्ड मेजर्स आणि जॅनेट मॅन्सिनी बिल्सन यांनी 1992 साली यावर 'कूल पोझ' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. आणि त्याच्याही मागे जायचं तर कला-इतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी 1973 च्या निबंधात दाखवलंय, की पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांकडे 'इतुतू' नावाची कल्पना आहे. शब्दशः अर्थ गारवा. पण माणसाला लावला की संयम, भलेपणा, तोल.

म्हणजे मुळात कूल म्हणजे 'मला काय त्याचं' नव्हे. कूल म्हणजे 'मला खूप काही होतंय, पण लगाम माझ्या हातात आहे'. आत भट्टी असेल तरच बाहेरच्या गारव्याला किंमत. हे नागपूरकराला समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हा शब्द पोहोचला तो केबल टीव्ही आणि कोल्ड्रिंकच्या जाहिरातींच्या पाठीवर बसून. 1996 साली एमटीव्ही इंडिया सुरू झालं. 2005 पर्यंत 'क्या कूल हैं हम' नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला. तोवर वादक, पोलीस, मागचं दार हे सगळं वाटेतच गळून पडलं होतं. आपल्या हाती आला तो गॉगल, जेल लावलेले केस आणि एका खांद्यावरची सॅक.

आपल्याकडचा गारवा

आता मराठीकडे वळू. थंड प्रतिसाद, थंड डोक्याने केलेला खून, हातपाय गार पडले, धंदा थंडावला. या यादीत एकही वाक्य कौतुकाचं नाही. म्हणून वाटतं, की मराठी माणसाला गारव्याचं कौतुकच नाही.

पण थांबा. आपल्याकडे 'निवणे' नावाचं एक क्रियापद आहे. तव्यावरची पोळी निवते, दूध निवतं. आणि नात लग्नाच्या शालूत समोर आली की आजीचे डोळे निवतात. पोटाला गारवा मिळतो, जिवाला थंडावा वाटतो, मन शांत होतं. मुलीचं नाव आपण 'शीतल' ठेवतो, 'उष्णा' कुणी ठेवल्याचं ऐकिवात नाही. ज्या देवीच्या कोपाने अंग तापून देवीचे फोड यायचे, तिलाही आपण 'शीतला' म्हणालो. नवीन घराची वास्तुशांत करतो, माणूस साठीचा झाला की साठीशांत. माझा एक मित्र तिला 'कूल होण्याचा अधिकृत विधी' म्हणतो. त्याच्या बाबांची गेल्या वर्षी झाली. फरक पडला नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि सगळ्यात भारी उदाहरण तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शाळेत डोळे मिटून, शेजारच्याला चिमटे काढत आपण जे पसायदान म्हणायचो ना, त्यात ज्ञानेश्वर सज्जनांची स्तुती कशी करतात आठवा. डाग नसलेले चंद्र आणि ताप नसलेले सूर्य! शके 1212, म्हणजे 1290 सालची ज्ञानेश्वरी. त्यात एक मराठी माणूस चांगल्या माणसाला 'तापहीन सूर्य' म्हणून गेलाय. प्रकाश पूर्ण, चटका शून्य. लेस्टर यंगच्या साडेसहाशे वर्षं आधी याहून कूल व्याख्या कुणी केली असेल तर मला दाखवा.

मग मराठीची गोम काय आहे? मराठीने हे दोन अर्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेत. ज्याच्याजवळ गेलं की *आपल्याला* गार वाटतं, तो शीतल, शांत, निवांत. आणि ज्याला स्वतःला कशाचंच काही वाटत नाही, तो थंड. इंग्रजी 'कूल'मध्ये हे दोन्ही एकाच ग्लासात ओतलेत. कॉकटेल चवीला झकास, पण पिणाऱ्याला कळत नाही, की आपल्या पोटात नक्की काय गेलंय.

गंमत म्हणजे आपल्या गावाची कौतुकाची अस्सल डिक्शनरी पूर्ण उलटी आहे. सावजी झणझणीत, चहा कडक, तर्री जहाल, सिनेमा जबरदस्त, पोट्टा खतरनाक. खाण्याचं कौतुक आगीने आणि माणसाचं गारव्याने, असा आपला न्याय. पाहुण्याला दारातच विचारतो ना, 'बोला, थंडा की गरम?' नागपूरकराला दोन्ही चालतं. फक्त ग्लास रिकामा नको.

जामठ्याचं कूल

कूल म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. महेंद्रसिंह धोनी, कॅप्टन कूल. हे बिरुद इतकं त्याचं झालंय, की त्याने ट्रेडमार्कसाठी अर्ज केला आणि जून 2025 मध्ये तो स्वीकारला जाऊन ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धही झाला. विशेषणाचा सातबारा नावावर करून घ्यायचा प्रयत्न करणारा माणूस. आता बोला!

सगळ्यांना 2007 चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप आठवतो. जोहान्सबर्गची फायनल, शेवटची ओव्हर, पाकिस्तानला 13 रन हवेत आणि बॉल जोगिंदर शर्माच्या हातात. पण मला त्याच्यातलं कूल दिसतं ते आपल्या जामठ्यात. 6 ते 10 नोव्हेंबर 2008. नव्या कोऱ्या स्टेडियमवरची पहिली टेस्ट, समोर ऑस्ट्रेलिया. त्याआधीच्या दिल्ली टेस्टनंतर कुंबळे निवृत्त झालेला, त्यामुळे टीम आता धोनीची. तिसऱ्या दिवशी त्याने काय केलं? आठ फिल्डर ऑफ साइडला, एकच लेगला आणि बॉलर्सना सांगितलं, स्टंपच्या बाहेर टाकत राहा. बस्स. ऑस्ट्रेलियाचे मोठमोठे बॅट्समन दिवसभर बॉल सोडत बसले. टीका भरपूर झाली. बोअर क्रिकेट, निगेटिव्ह क्रिकेट वगैरे. पठ्ठ्याने फिल्डिंग बदलली नाही. टेस्ट 172 रननी आपली, सिरीज 2-0.

त्याच टेस्टच्या अखेरीला, शेवटची विकेट उरलेली असताना, त्याने सौरव गांगुलीला काही ओव्हर्स कॅप्टन्सी करायला सांगितली. गांगुलीची ती शेवटची टेस्ट होती.

आता सांगा, हा माणूस 'थंड' होता का? ज्याला काही पडलेली नाही, तो आठ-एकची फिल्ड लावून दिवसभर शिव्या खात नाही. ज्याला कुणाचं काही वाटत नाही, त्याला जिंकण्याच्या गडबडीत निवृत्त होणाऱ्या दादाची आठवण राहत नाही. धोनीने स्वतःच सांगितलंय, की राग, वैताग त्यालाही इतरांसारखाच येतो. तो भावना आवरतो, एवढंच. म्हणजे परत तेच. भट्टी आत, गारवा बाहेर.

'ती कूल आहे, तिला चालतं'

इथपर्यंत सगळं छान. आता थोडं कडू.

आपल्या ऑफिसांत 'कूल' हे कौतुक कुणाच्या वाट्याला येतं, बघितलंय? जो रात्री साडेदहाचा कॉल घेतो, तो कूल. जिने अप्रेझलमध्ये आकडा ऐकून 'ओके' म्हटलं, ती कूल. ज्याच्या सुट्टीचा अर्ज तिसऱ्यांदा फिरवला आणि तरी ज्याने ग्रुपवर अंगठा टाकला, तो तर सुपरकूल. आणि ज्याने विचारलं, 'सर, कंप-ऑफचं काय?', तो 'हायपर'. बिचाऱ्याचा आवाज चढलेला नसतो, त्याने फक्त प्रश्न विचारलेला असतो.

फ्रीलान्सिंगमध्येही हेच. एका इव्हेंटवाल्यांकडे माझं पेमेंट चार महिने अडकलं होतं. तिथले गृहस्थ फोनवर फार प्रेमाने म्हणाले, 'मॅडम, तुम्ही एकदम कूल आहात. बाकीचे लोक सारखे फोन करून राहतात.' ऐकायला गोड वाटलं. मग कळलं, की हे कौतुक नव्हतं, ही मुदतवाढ होती! त्याच संध्याकाळी मी मेल टाकला. बिलाचा नंबर, रक्कम, कामाची तारीख, पैसे मिळण्याची तारीख. एकही उद्गारचिन्ह नाही. पंधरा दिवसांत पैसे आले. त्यानंतर त्यांनी मला कूल म्हटलेलं नाही. चालतंय.

मुलींच्या बाबतीत तर हे कौतुक आणखी महाग पडतं. टीममध्ये कुणीतरी घाणेरडा जोक मारतो, मग एका मुलीकडे बघून म्हणतो, 'अरे ती कूल आहे, तिला चालतं.' बघा किती सफाईदार काम झालं! तिचं कौतुकही झालं आणि तिचं तोंडही बंद झालं. आता ती बोलली तर ती कूल नाही. आणि बाजूला जी दुसरी मुलगी खाली मान घालून बसलीय, तिला तर न बोलताच 'काकूबाई'चं सर्टिफिकेट मिळालं. गिलियन फ्लिन यांच्या 'गॉन गर्ल' (2012) या कादंबरीतलं 'कूल गर्ल'वरचं स्वगत जगभर गाजलं ते याचसाठी. कशालाच हरकत न घेणारी मुलगी ही मुलांनी रचलेली कल्पना आहे आणि ती निभावता निभावता मुली दमतात.

इथे एक गोष्ट माहीत असू द्या, कारण हा नुसता शब्दांचा खेळ नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी करायची आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. प्रकार वारंवार घडला असेल, तर शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे 'जाऊ दे ना यार, बी कूल' म्हणत आपण जे दिवस घालवतो, ते दिवस कायद्याच्या घड्याळात मोजले जात असतात. समितीतल्या सदस्यांची नावं तुमच्या ऑफिसात कुठे लावलीत? उद्या जाऊन बघा. नसतील तर एचआरला विचारा. हायपर म्हटलं तर म्हणू द्या.

कूलर की एसी?

मग काय, कूल व्हायचंच नाही? व्हायचं ना! पण कुठल्या प्रकारचं, ते ठरवायचं. आणि त्यासाठी आपल्याकडे या विशेषणाचा जो सगळ्यात जास्त खपणारा अवतार आहे, त्याच्याकडे बघायचं. कूलर!

पुण्या-मुंबईचे मित्र हसतात आपल्या कूलरला. हसू द्या. होळी झाली की माळ्यावरून तो पत्र्याचा डबा खाली येतो, खसच्या ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो, पहिल्या पाण्याचा तो ओल्या मातीसारखा वास घरभर पसरतो आणि मग नागपूरचा उन्हाळा अधिकृतपणे सुरू होतो. (पाणी भरताना प्लग काढत जा रे बाबांनो, दरवर्षी सांगावं लागतं.)

आता याचं विज्ञान बघा. ताटीवरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची भाजून काढणारी कोरडी हवा त्या ताटीतून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणजे कूलर उन्हाकडे पाठ फिरवत नाही, तोंड करून बसतो. बाहेरची झळ जितकी कोरडी, तितका तो गार. आणि मुख्य गोष्ट, खोलीची एखादी खिडकी किंवा दार उघडं लागतं. सगळं बंद केलं की दमट हवा आत कोंडते आणि दहा मिनिटांत अंग चिकचिक. पुण्याहून आलेला पाहुणा हमखास खिडकी लावून घेतो आणि आपण हमखास ती उघडतो.

एसीचं उलट. दारं-खिडक्या घट्ट बंद. आतली उष्णता तो बाहेर फेकतो. आत आपण स्वेटर घालून 'चिल', आणि मागच्या गल्लीत त्याच गरम झोतात उभा असतो पार्किंगचा काका. आपली कोल्ड कॉफी दुपारी दोन वाजता घेऊन येणारा पोट्टाही त्याच उन्हातून आलेला असतो. सिग्नलवर हिरव्या जाळीच्या तुकड्याखाली गाडी उभी करायला धडपडत. आपल्या कूलचा हिशोब कुठेतरी कुणीतरी घामात भरत असतो.

माणसांतही हे दोन प्रकार सरळ दिसतात. एसी टाइप कूल. स्वतःभोवती सगळं सील, कुणाची झळ आत येणार नाही, त्रास झाला तर तो दुसऱ्याकडे ढकललेला. क्लायंट ओरडला? ज्युनिअरला सीसी करा आणि आपण कूल. दुसरं कूलर टाइप. झळ अंगावर घेतो, स्वतःचं थोडं पाणी खर्च करतो आणि खोलीतल्या इतरांना गार वाटतं. प्रत्येक ऑफिसात असा एखादा असतो. क्लायंटचा फोन स्वतः घेतो, सगळं ऐकतो, फोन ठेवतो आणि टीमला फक्त एवढंच सांगतो, 'चला, दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. आधी चहा.' आणि हो, त्यालाही मधून मधून पाणी घालावं लागतं. नुसता वापरत राहिलात, तर टाकी कोरडी पडते आणि मग तोही गरम हवा फेकतो. त्यात चूक त्याची नसते.

मास कॉमला आम्हाला मार्शल मॅक्लुहान शिकवायचे. 'अंडरस्टँडिंग मीडिया', 1964. त्यांनी माध्यमांचे हॉट आणि कूल असे दोन भाग केले. सिनेमा, रेडिओ हॉट. टेलिफोन, टीव्ही कूल. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. पण त्यांची व्याख्या मजेदार आहे. हॉट माध्यम सगळं भरून देतं, तुम्ही नुसते बसा. कूल माध्यमात मोकळ्या जागा असतात, त्या तुम्ही भरायच्या. म्हणजे कूल म्हणजे ज्यात समोरच्याला सामील व्हायला जागा आहे ते. पुन्हा बघा, उघडी खिडकी!

या आठवड्याचा होमवर्क

शब्दाशी माझं भांडण नाही. 'ग्रूव्ही' गेला, 'हिप' गेला, आपल्याकडचा 'फंडू' गेला. कूल मात्र टिकला. हल्लीची कॉलेजची पोट्टे 'फायर' म्हणतात, 'लिट' म्हणतात. म्हणजे जॅझवाल्यांच्या शंभर वर्षांनंतर गाडी फिरून परत हॉटवर आलीय. पण कूल त्यांनाही पुरून उरेल, बघाच.

म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी जिभेवर 'कूल' आला की एक सेकंद थांबा आणि मराठीच्या कोणत्या कप्प्यातला आहे ते तपासा. टेन्शनमध्ये तोल सांभाळणाऱ्याला म्हणताय? मग 'तू होतास म्हणून निभावलं' असं पूर्ण वाक्य म्हणा, त्याचं पोट भरेल. नवी बाइक आवडली? 'भारी' म्हणा, 'खतरनाक' म्हणा, गाव खूश होईल. कुणी सहन करतंय म्हणून म्हणताय? मग म्हणूच नका. त्यापेक्षा विचारा, 'तुला खरंच चालतंय का?' आणि उत्तरासाठी थांबा.

आणि कुणी *तुम्हाला* म्हटलं, की 'यू आर सो कूल', तर लाजून थँक्यू म्हणण्याआधी दोन बोटं मनगटावर ठेवा. आत काही धडधडतंय का? धडधडत असेल आणि तरी तुम्ही सांभाळून घेतलं असेल, तर घ्या ते कौतुक, हक्काचं आहे. धडधडतंय आणि तुम्ही नुसतं गिळलंय, तर तो मेल आजच टाका. उद्गारचिन्हाशिवाय.

चला, पाच वाजले. कूलरमध्ये पाणी टाकायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत खिशात कांदा, बाटलीत पन्हं, आणि एक खिडकी उघडी!